एकदा मोजा, नाव ठेवा

या मित्रांनो, असे जवळ या. मागे बसलेल्यांनीही पुढे सरकावे. माझा आवाज मोठा नाही, आणि खरे सांगायचे तर मला आवाजच नाही. पण गोष्ट आहे. एका हिशेबाला नाव ठेवायचे राहून गेले आणि त्यापायी एका माउलीच्या जिवावर कसे बेतले, त्याची गोष्ट. शेवट गोड आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही निवांत ऐकाल.

मी एक जुना प्रश्न आहे. घाबरू नका, परीक्षेतला नव्हे! माणसांना विचारायचे प्रश्न तोंडाने विचारता येतात. संगणकात साठवलेल्या माहितीला काही विचारायचे असेल, तर एसक्यूएल नावाच्या भाषेत लिहून विचारावे लागते. असा लिहून ठेवलेला मी एक प्रश्न. कामाच्या जागी मला क्वेरी म्हणतात, आणि माझे सारे आयुष्य एका इस्पितळाच्या रक्तपेढीत गेले.

जागा मोठी नाही. समोर काचेची खिडकी, तिला हात जाईल एवढे भोक. खिडकीच्या आत एक टेबल, त्यावर संगणकाचा पडदा, आणि पडद्यासमोर ताई. ताई म्हणजे तिथल्या तंत्रज्ञ. त्यांच्या पाठीमागे उंच उंच फ्रिज अखंड गुणगुणत उभे असतात, आणि त्या फ्रिजांच्या खणाखणांत रक्ताच्या पिशव्या निजलेल्या असतात. माझे काम एवढेच, की ताईंनी बटण दाबले की सांगायचे: आज देण्याजोग्या पिशव्या कोणत्या, आणि प्रत्येकीचे किती दिवस उरले.

रक्त हे काही लोखंड नव्हे. देणाऱ्याच्या अंगातून निघाले की त्याचे आयुष्य मोजके. माझ्या जन्माच्या वेळी जी पिशवी वापरत, तिच्यात ते पाच आठवडे टिके. त्याहून जुने झाले तर ते कोणाला द्यायचे नाही.

मला घडवले एका हसऱ्या तरुणाने. कोणी काहीही सांगितले की त्याचे उत्तर ठरलेले: “झालंच!” पंखा लावा म्हटले, झालंच. छापायचे यंत्र बंद पडले, झालंच. म्हणून सगळे त्याला झालंचदादाच म्हणू लागले. तो बसला आणि त्याने माझा हिशेब लिहिला. पिशवी कोणत्या दिवशी भरली ते रक्तदानाच्या तक्त्यात जाऊन शोधायचे, पिशवीच्या प्रकाराप्रमाणे तिचे आठवडे त्यात मिळवायचे, त्यातून आजची तारीख वजा करायची; जे उरेल ते उरलेले दिवस. हिशेब अगदी चोख होता. तो हाताभर लांब झाला, एवढेच.

आता तो हिशेब मला तीन कामांना लागे. एक, दिवस दाखवायला. दोन, रंग द्यायला; म्हणजे भरपूर दिवस असतील तर हिरवा आणि मुदत जवळ आली असेल तर लाल. आणि तीन, गाळायला. ज्या पिशवीची मुदत संपली तिला चाळणीतून खाली सोडायचे, पडद्यावर येऊ द्यायचे नाही.

झालंचदादाने आधी शहाणपणाच केला होता बरे का. त्याने वरच्या ओळीत, जिथे “दाखव” असे लिहितात तिथे, हिशेबाला एक छोटेसे नाव दिले. मग खालच्या ओळीत, जिथे “गाळ” असे लिहितात तिथे, तेच नाव वापरले. यंत्राने लगेच सांगितले, या नावाचे माझ्याकडे कोणी नाही.

“अरे, आत्ता वर सांगितलं ना तुला!” तो पडद्यावर खेकसला.

पण मित्रांनो, यंत्राची वाचण्याची तऱ्हा उलटी असते. लिहिताना “दाखव” वर येते आणि “गाळ” खाली. यंत्र मात्र आधी गाळते आणि मग दाखवते. म्हणजे चाळणी फिरत असताना ते नाव अजून ठेवलेलेच नसते. नाव ठेवण्याआधी हाक मारली तर पोर ओ कशी देणार? या कामात शिरलेला प्रत्येक जण इथे एकदा तरी ठेचकाळतो.

खिडकीवर माणसे उभी होती, पलीकडून ताई विचारत होत्या, “होतंय ना रे?” मग त्याने तो हाताभर हिशेब जसाच्या तसा उचलला आणि आणखी दोन ठिकाणी चिकटवला. “झालंच!” म्हणाला. आणि झालेच होते की! मी चालू लागलो.

ते दिवस फार सुखाचे गेले. ताई माझे कौतुक करीत. “पूर्वी एकेक पिशवी हातात घेऊन तारखा वाचाव्या लागायच्या,” त्या नव्या सिस्टरना सांगत, “आता बघा, बटण दाबलं की सगळी पोरं रांगेत उभी.” माझ्या यादीवर त्यांचा एवढा विश्वास बसला, की रोज सकाळी त्या एक नेम पाळू लागल्या. जी पिशवी माझ्या यादीतून गेली, ती वरच्या खणातून काढायची आणि फ्रिजच्या सर्वांत खालच्या लाल खणात ठेवायची. लाल खण म्हणजे बाद. आठवड्याअखेरीस गाडी येई आणि त्या पिशव्या नष्ट करायला घेऊन जाई.

पुढे पेढी वाढली. वर्षावर वर्षे गेली, तक्त्यांत पिशव्यांच्या ओळी साठत गेल्या, आणि मी मंदावलो. मंदावणार नाही तर काय? आईने पोराला दुकानात पाठवावे, “मीठ आण.” त्याने आणून दिले की, “आता मीठ आण.” तेही आणले की पुन्हा, “जा रे, मीठ आण.” एकेका पिशवीमागे तेच मीठ तीनदा आणायला मी रक्तदानाच्या तक्त्याकडे धावत होतो. माझ्या पायांत तक्रार नव्हती, पण वेळ तर लागणारच.

मग लोक मला नावे ठेवू लागले. पेढीचे मोठे डॉक्टर म्हणत, “ही यादी येईपर्यंत माझा चहा गार होतो.” ताई म्हणत, “डॉक्टर, हे यंत्र आमच्या सासूबाईंसारखं झालंय. उत्तर मिळतं, पण आधी माणसाला बसवून ठेवणार!” हसू मलाही आले असते, पण आतून थोडे लागायचे. नावे सगळ्यांनी ठेवली; माझ्या हिशेबाला नाव मात्र कोणीच ठेवले नाही.

त्याच सुमारास मोठ्या डॉक्टरांनी नव्या पिशव्या मागवल्या. या पिशव्यांत असे औषधी पाणी असते, की रक्त पाचाऐवजी सहा आठवडे टिकते. झालंचदादाला निरोप गेला. तो तेव्हा दुसरी नोकरी धरण्याच्या गडबडीत होता, तरी आला. माझ्या हिशेबात त्याने नव्या पिशवीचा नियम घातला. दाखवायच्या जागी घातला, रंगाच्या जागी घातला, आणि तेवढ्यात कोणीतरी त्याला छापायच्या यंत्राकडे ओढून नेले. परत आल्यावर त्याने पडदा पाहिला. नव्या पिशव्या नीट दिसत होत्या, दिवसही बरोबर, रंगही बरोबर. “झालंच!” म्हणाला, सगळ्यांचा निरोप घेतला आणि गेला.

चाळणीतला हिशेब जुनाच राहिला.

कळले का मित्रांनो, काय झाले ते? नवी पिशवी पाच आठवडे उत्तम दिसे. सहावा आठवडा लागला, की माझीच एक बाजू म्हणे “अजून दिवस आहेत” आणि माझीच दुसरी बाजू म्हणे “मुदत संपली.” आणि चाळणी तर आधी फिरते! खाली पडलेली ओळ बोंब मारत नाही. पडद्यावर चुकीचा आकडा दिसला असता तर कोणाच्या तरी डोळ्यांत खुपला असता. जे दिसतच नाही ते खुपणार कसे? चांगल्या पिशव्या लाल खणात जात राहिल्या. मी तसाच चालत राहिलो.

अशात एक दिवस दुरुस्तीवाली आली. माझ्या मंदपणाची तक्रार फार झाली म्हणून तिला बोलावले होते. खांद्याला पिशवी, केसांत अडकवलेली पेन्सिल, आणि ओठांवर काहीतरी गुणगुणणे. ताईंच्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि मला वरपासून खालपर्यंत वाचू लागली. किती वर्षांनी मला कोणी वाचत होते!

“ताई, हे कोणी लिहिलंय हो?”

“झालंचदादानं. का गं?”

“एकच हिशेब तीनदा लिहिलाय. माणूस घाईत होता वाटतं.”

“घाईत? अगं, तो जेवायचासुद्धा उभ्यानं!”

त्याच सकाळी खिडकीवर एक रंगारी उभा होता. भिंती रंगवता रंगवता तसाच धावत आलेला. कोपरापर्यंत पांढरा रंग, पापण्यांवरही पांढरे ठिपके. त्याची बायको बाळंत झाली होती. बाळ सुखरूप होते, पण आईचे रक्त थांबत नव्हते, आणि तिला हवे होते ओ निगेटिव्ह. ते रक्त मुळातच थोड्यांचे असते. ताईंनी बटण दाबले. मी सावकाश माझी यादी आणली. तिच्यात ओ निगेटिव्ह एकही नव्हते.

“भाऊ, दुसऱ्या गावच्या पेढीत मिळालंय,” ताई फोन ठेवून म्हणाल्या. “तिकडून गाडी निघालीय.”

“किती वेळ लागेल?”

“लागेल थोडा.”

“ताई, थोडा म्हणजे किती? आत डॉक्टर म्हणतात वेळ नाही. माझं घ्या ना! हवं तेवढं घ्या.”

“तुमचा गट जुळत नाही हो. जुळला असता तर मीच तुम्हाला बसवलं असतं. बसा, पाणी प्या.”

तो बसला नाही. काचेला कपाळ लावून उभा राहिला, आणि काचेवर पांढरा ठिपका उमटला.

दुरुस्तीवालीला हे ऐकू येत होते. पण तिच्या हातात माझे काम होते, म्हणून ती मान खाली घालून ते करीत राहिली. तिने जे केले ते मी तुम्हाला सांगतो, कारण माझ्या जन्माचे सार्थक त्यात आहे. तिने माझ्या अगदी आरंभी एक शब्द लिहिला, “विथ”. त्याचा अर्थ असा, की हे आधी करून हाताशी धर आणि मग पुढे चल. त्याच्या पोटात तिने तो हाताभर हिशेब एकदाच ठेवला. दाखवायच्या जागेवरचा उचलून ठेवला. बाकीचे दोन तसेच असणार असे वाटून तिने ते पुसले. आणि त्या हिशेबाला तिने नाव ठेवले: उरलेले दिवस.

अहाहा! मित्रांनो, भक्त देवाला हाक मारतो तेव्हा दर वेळी त्याचे मुकुट, कुंडले, पाय, पैंजण असे सगळे सांगत बसतो का? एक नाव घेतो. त्या नावात सगळे रूप उभे राहते. आता मला दाखवायचे असेल तर “उरलेले दिवस” म्हणावे, रंग द्यायचा असेल तर “उरलेले दिवस” म्हणावे, गाळायचे असेल तरी “उरलेले दिवस” म्हणावे. मोजणे एकदा, हाक कितीदाही. आणि नाव आरंभीच ठेवलेले असल्याने चाळणी फिरताना हाक मारली तरी ओ मिळणारच.

दुरुस्ती करणाऱ्यांचा एक चांगला नियम असतो. नव्याला लगेच कामाला लावायचे नाही. जुन्याला आणि नव्याला शेजारी उभे करून दोघांनाही तोच प्रश्न विचारायचा. उत्तरे जुळली तरच जुन्याला निरोप. तिने तसे केले. नवा मी झटकन उत्तर घेऊन आलो. जुना मी धापा टाकत मागून आलो.

उत्तरे जुळली नाहीत. नव्या उत्तरात एक ओळ जास्त होती.

“हात्तिच्या!” ती कपाळावर हात मारून म्हणाली. “काहीतरी चुकलं माझं. एक पिशवी भलतीच आली.” आणि नव्या मला पुसून टाकायला तिने बोट उचलले. तिचेही बरोबरच होते. जुने इतकी वर्षे चालते आहे आणि नवे आत्ता लिहिले आहे. जुळत नसेल तर चूक नव्याची, असेच कोणीही धरून चालेल.

ताईंचे लक्ष खिडकीकडे होते. त्यांनी आपले विचारायचे म्हणून विचारले, “कुठली गं पिशवी?”

“कुठली तरी. ओ निगेटिव्ह म्हणतंय.”

ताईंची खुर्ची मागे गेली ती थेट फ्रिजला धडकली. “पुसू नकोस! काही पुसू नकोस! क्रमांक वाच.”

तिने क्रमांक वाचला. ताईंनी वरचा खण पाहिला, नव्हती. मग त्या खाली बसल्या आणि लाल खण ओढला. बाद पिशव्यांच्या गर्दीत, सर्वांत वर, ती होती.

“अगं बाई,” ताई म्हणाल्या, “हिला तर मीच सकाळी खाली ठेवली. यादीत नव्हती म्हणून.”

मोठे डॉक्टर आले. त्यांनी पिशवी हातात घेतली, पण लगेच पुढे केली नाही. लाल खणातली पिशवी आजारी माणसाला देणे ही काही लहान गोष्ट नव्हे. “यंत्र काय म्हणतंय?” त्यांनी विचारले.

“यंत्र दोन्ही म्हणतंय, डॉक्टर,” दुरुस्तीवाली म्हणाली. तिने पडदा डॉक्टरांकडे वळवला. “जुनं म्हणतं मुदत संपली. नवं म्हणतं अजून सहा दिवस आहेत.”

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पिशवीवरची चिठ्ठी वाचली. रक्त घेतल्याची तारीख वाचली. पिशवी उलटून तिचा प्रकार वाचला. मग पुन्हा तारीख वाचली. “ही नवी पिशवी आहे,” ते सावकाश म्हणाले. “हिला सहा आठवडे. मीच तर मागवल्या होत्या या! अजून सहा दिवस चांगली आहे. ताई, जुळवून बघा. लगेच.”

रंगारी काचेपलीकडून सगळ्यांची तोंडे पाहत होता. ताईंनी रक्त जुळवून पाहिले. मग ताईंनी मान वर केली आणि हसल्या, आणि पिशवी घेऊन आतल्या दाराने जवळजवळ धावतच गेल्या. ताईंना धावताना मी पहिल्यांदा पाहिले.

एका पिशवीने सगळे भागले असे नाही. पण दुसऱ्या गावची गाडी पोचेपर्यंतचा वेळ त्या पिशवीने धरून ठेवला. गाडी आली, पुढचे रक्त चढले, आणि दुपार टळायच्या आत निरोप आला की बाईने डोळे उघडले आणि पहिले काय विचारले, तर “त्यांनी जेवण केलं का?” रंगाऱ्याने ते ऐकले आणि मग कुठे तो बाकावर बसला. बसला आणि लहान मुलासारखा रडला.

आत पेढीत दुरुस्तीवालीने जुना मी आणि नवा मी ओळीला ओळ लावून वाचले, आणि चाळणीतली चूक सापडली. मोठे डॉक्टर तापले. “म्हणजे इतके दिवस चांगल्या पिशव्या आपण फेकत होतो? काय म्हणावं या झालंचला!”

“त्याला नावं ठेवू नका, डॉक्टर,” ताई म्हणाल्या. “नियम त्यानं बरोबरच लिहिला होता. तीन जागी लिहावा लागला, त्यातली एक राहिली. आपण घराला तीन कुलपं लावतो आणि एक लावायचं विसरतो, तसंच हे. आणि मी तरी कुठे चिठ्ठी वाचली?”

डॉक्टरांनी लाल खण पुन्हा ओढून पाहिला. मग म्हणाले, “मागवल्या मी, पण लाल खणात काय जातंय ते मीही कधी पाहिलं नाही.” त्या दिवसापासून पेढीचा नवा नेम झाला. पिशवी लाल खणात टाकण्याआधी तिची चिठ्ठी दोघांनी वाचायची. यादी सांगते म्हणून डोळे मिटायचे नाहीत.

मी अजून तिथेच आहे, आणि सुखात आहे. बटण दाबले की ताईंचा हात बटणावरून उठायच्या आत उत्तर घेऊन उभा असतो. डॉक्टरांचा चहा आता गरम राहतो, पण तक्रारीची सवय जात नाही, म्हणतात, “फारच लवकर येतंय, नीट बघतंय ना हे?” पुढे आणखी एका तऱ्हेच्या पिशव्या आल्या, तेव्हा नियम एकाच जागी लिहावा लागला. दाखवणे, रंगवणे, गाळणे, तिघांनाही एकाच वेळी कळले. वाया गेलेल्या पिशव्यांची आठवण अधूनमधून येते आणि मन जरा हळवे होते. पण माझा प्रत्येक दिवस कोणाच्या तरी उपयोगी जातो; प्रश्नाच्या जन्माला येऊन आणखी काय मागावे?

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या माझ्यासारखे प्रश्न लिहाल. तेव्हा एवढे करा. जे एकदा मोजून भागते ते तीनदा मोजू नका, त्याला आधीच एक चांगले नाव ठेवा, आणि मग खुशाल नावाने हाक मारा. तोच हिशेब दुसरीकडे चिकटवायला हात शिवशिवला, तर तो हात जरा आवरा. आणि नवे उत्तर जुन्याशी जुळले नाही, तर पुसण्याआधी ती जास्तीची ओळ कोणाची आहे, एवढे विचारा.

आता शेवटची गोष्ट सांगतो. बायकोला घरी न्यायच्या दिवशी रंगारी पुन्हा खिडकीवर आला. या वेळी कपडे स्वच्छ होते, कडेवर दुपट्यात गुंडाळलेली लेक होती. त्याने ताईंना विचारले, “ती पहिली पिशवी कोणाची होती?”

“ते सांगायचं नसतं, भाऊ.”

“मग मी पाया कोणाच्या पडू?”

ताईंनी माझ्या पडद्याकडे पाहिले. पण मलाही ते ठाऊक नव्हते. माझ्या उत्तरात रक्ताचा गट असतो, पिशवीचा प्रकार असतो, उरलेले दिवस असतात. देणाऱ्याचे नाव नसते, तो रकानाच मला दिलेला नाही. कोणीतरी एक माणूस होता, किंवा बाई. सहा आठवड्यांपूर्वी एका सकाळी आपले काम बाजूला ठेवून तो त्या खुर्चीत बसला, बाही वर सरकवली, पिशवी भरेपर्यंत छताकडे पाहत राहिला, आणि हात दुमडून आपल्या वाटेने निघून गेला. पुढे काय झाले ते त्याला कधी कळले नाही, कळणारही नाही. मित्रांनो, तुम्ही हात जोडून बसाल तेव्हा आपल्या माणसांची नावे घेऊन झाली, की क्षणभर थांबा आणि त्याची आठवण काढा.